यथामूल प्रत

स्पेन देशांतील गेरोना नगराच्या मुख्य ख्रिस्तमंदिरांत इ. स. ९७५ सालीं लिहून पुरी झालेली एक सचित्र पोथी आहे. ती चामड्याच्या पानांवर लिहिलेली असून हजार वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली आहे. अशी पोथी वाटेल त्याच्या हातीं देतां येत नाहीं, हें उघड आहे. तरीसुद्धां तिचें प्रत्येक पान, त्यावरील रंग, शाईचे डाग आणि झिजलेल्या कडा यांसह, दूरदूरच्या ग्रंथालयांतील वाचकांस आज पाहावयास मिळतें. हें ज्या साधनामुळें शक्य झालें त्याला यथामूल प्रत असें म्हणतां येईल. इंग्रजींत तिला फॅक्सिमिली म्हणतात. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘सारखें कर’ एवढाच आहे. हें ‘सारखें करणें’ किती अवघड आहे, आणि तें वेळेवर झालें नाहीं तर केवढी हानि होते, हें या पोथीच्या कथेवरून व आपल्या इकडील कांहीं उदाहरणांवरून चांगलें ध्यानांत येतें.

प्रथम या पोथीचें कुळ पाहूं. इ. स. ७११ सालीं आफ्रिकेंतून आलेल्या मुसलमानी फौजांनीं स्पेनमध्यें प्रवेश केला आणि थोड्याच वर्षांत बहुतेक देश त्यांच्या ताब्यांत गेला. त्या राज्यांत राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांनीं आपला धर्म राखला. परंतु भाषा, वेष आणि कारागिरी यांत त्यांनीं अरबांचें बरेंच उचललें. अशा लोकांस मोझारब, म्हणजे अरबी रीतीचे झालेले, असें नांव पडलें. त्यांच्यापैकीं कित्येक पुढें उत्तरेकडील ख्रिस्ती राज्यांत जाऊन राहिले. तेथील मठांत जी चित्रकला फुलली तिला मोझारब शैली म्हणतात. या चित्रांत घोड्याच्या नालासारख्या कमानी आहेत. मागील भूमि पिवळ्या, तांबड्या व निळ्या आडव्या पट्ट्यांनीं भरलेली असते. माणसांचे डोळे मोठे व टक लावून पाहणारे असतात. छायाप्रकाश मुळींच नाहीं. आपल्याकडील जुन्या जैन कल्पसूत्राच्या पोथ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस हा सपाट, ठसठशीत रंगांचा थाट अगदींच परका वाटणार नाहीं.

या शैलींतील सर्वांत प्रसिद्ध पोथ्या एकाच ग्रंथाच्या आहेत. उत्तर स्पेनच्या डोंगरांत लिएबाना नांवाच्या खोऱ्यांत बेआतुस नांवाचा एक साधु राहत असे. त्यानें इ. स. ७७६ च्या सुमारास बायबलच्या शेवटच्या पुस्तकावर, म्हणजे जगाच्या अंताचें वर्णन करणाऱ्या ‘प्रकटीकरणा’वर, एक भाष्य रचलें. पुढील चारपांच शतकें मठामठांतून त्या भाष्याच्या सचित्र प्रती होत राहिल्या. गेरोनाची पोथी त्यांपैकींच एक. ती रंगविणाऱ्यांत एंदे नांवाची एक स्त्री होती, आणि तिनें आपलें नांव चित्रकर्ती म्हणून पोथींत स्पष्ट नोंदविलें आहे. तिच्याबरोबर एमेतेरियुस नांवाचा धर्मगुरु होता. त्याच एमेतेरियुसानें पांच वर्षांपूर्वीं ताबारा येथील मठांत दुसरी एक प्रत पुरी केली होती. त्या प्रतींत मठाच्या उंच मनोऱ्याचें आणि शेजारच्या दालनांत लिहीत बसलेल्या लेखकांचें चित्र आहे. पोथी लिहिण्याची जागा पोथीनेंच दाखवावी, असें हें विरळा उदाहरण होय.

आतां येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. बेआतुसाच्या ग्रंथाच्या पंचविसांहून अधिक सचित्र प्रती आज उरल्या आहेत. पण त्याच्या स्वतःच्या हातची पोथी उरलेली नाहीं. उरलेल्या प्रतींपैकीं कोणत्याहि दोन अगदीं सारख्या नाहींत. कोणीं चित्र वाढविलें, कोणीं रंग बदलला, कोणाच्या हातून ओळ सुटली. मूळ ग्रंथ कसा होता हें ठरविण्यासाठीं विद्वानांस या सर्व प्रती शेजारीं शेजारीं मांडून ताडून पाहाव्या लागतात. त्या प्रती तर माद्रिद, लिस्बन, पॅरिस, न्यूयॉर्क अशा ठिकाणीं विखुरलेल्या आहेत, आणि मूळ पोथ्या एका मेजावर आणणें अशक्य आहे. यथामूल प्रती मात्र एका मेजावर येऊं शकतात. तिचा पहिला उपयोग हा, कीं जें दूर आहे तें ती एकत्र करते.

पोथी लिहिणाऱ्यांची जात दोन्ही देशांत सारखीच होती असें दिसतें. स्पेनमधील लेखकांनीं ग्रंथाच्या शेवटीं आपली पाठ वांकल्याची, डोळे मंदावल्याची तक्रार लिहून ठेवली आहे. आपल्या इकडील संस्कृत व मराठी पोथ्यांच्या शेवटींहि पाठ, कंबर व मान मोडल्याचें गाऱ्हाणें आढळतें, आणि तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून पोथीचें रक्षण करावें अशी विनवणी असते. समोर जें पाहिलें तेंच उतरविलें, चूक असल्यास बोल लावूं नये, असेंहि आपले लेखक सांगत असत. हें सांगणें प्रामाणिक असलें तरी पूर्ण खरें कधींच नसे. हातानें उतरवितांना डोळा एक पाहतो आणि संवयीचा हात दुसरेंच लिहितो. जुनें रूप जाऊन नवें रूप येतें. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं सिद्ध झाली. पुढें तीनशें वर्षांच्या आंतच पाठ इतके बिघडले, कीं एकनाथांस शके १५०६ मध्यें अनेक प्रती मिळवून ती शुद्ध करावी लागली.

ज्ञानेश्वरीचीच दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांस बीडकडे ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्या पूर्वींची आहे असें त्यांचें मत होतें. १९०९ सालीं त्यांनीं तिचा पाठ छापून प्रसिद्ध केला आणि तिच्या भाषेचें व्याकरणहि लिहिलें. १९६० सालीं शासनातर्फे निघालेल्या ज्ञानेश्वरीला मुख्य आधार याच छापील पाठाचा होता. परंतु मूळ पोथी आज उपलब्ध नाहीं. ती खरोखर किती जुनी होती, अक्षराचें वळण कोणत्या काळचें होतें, एखादी ओळ पोथींत होती कीं छापतांना आली, या प्रश्नांवर पुष्कळ वाद झाले. त्या वादांचा निकाल लावणारा साक्षीदार हजर नाहीं. राजवाड्यांची विद्वत्ता आणि तळमळ यांविषयीं कोणाचें दुमत नाहीं. तरीहि वाचकास त्यांच्या शब्दावर विसंबण्यापलीकडे मार्ग उरत नाहीं. त्या पोथीच्या चार पानांचें जरी स्वच्छ छायाचित्र मागें राहिलें असतें, तरी बराचसा वाद मिटला असता.

येथें कोणी विचारील, कीं पाठ छापला असतां आणखी चित्राची गरज ती काय? याचें उत्तर पोथीच्या पानावरच आहे. मराठी लेखक चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावीत आणि त्यावर बरोबर अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणें’ हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला. हरताळाखालीं काय होतें, हें कित्येकदां अभ्यासकास मुख्य अक्षराइतकेंच महत्त्वाचें असतें. समासांत मागाहून घातलेल्या ओळी, गेरूनें लाल केलेले दंड, बोरू बदलल्यानें जाड झालेलें अक्षर, दुसऱ्या हातानें पुरें केलेलें पान, यांपैकीं कांहींहि छापील पाठांत उरत नाहीं. विदर्भांतील महानुभावांच्या पोथ्यांचें उदाहरण याहून स्पष्ट आहे. त्यांतील कित्येक सकळ नांवाच्या सांकेतिक लिपींत आहेत. त्या साध्या बाळबोध लिपींत छापल्या म्हणजे अर्थ कळतो. परंतु ती लिपी, आणि लिहिणाऱ्यानें ती कशी चालविली, हें झांकून जातें.

यथामूल प्रत करणारांस म्हणून पुष्कळ पथ्यें पाळावीं लागतात. पोथीवर सर्व बाजूंनीं सारखा आणि सौम्य प्रकाश पाडून प्रत्येक पानाचें छायाचित्र घेतात. छापलेलें पान पुनःपुन्हां मूळ पानाशेजारीं धरून रंग ताडून पाहतात. ज्या पोथींत सोनें आहे तिच्या प्रतींत सोन्याचा निराळा थर चढवितात. कागद चामड्यासारखा जाड व किंचित् पिवळसर निवडतात. मूळ पानाची कड वेडीवांकडी असेल, तर प्रतीचें पानहि तसेंच कापतात. बार्सिलोना येथील एक प्रकाशक अशा ग्रंथाच्या बरोबर ९८७ प्रती काढतो आणि प्रत्येकीवर अनुक्रमांक घालतो. अशी प्रत साहजिकच फार महाग पडते. परंतु अभ्यासाच्या दृष्टीनें थाटमाट हा मुख्य मुद्दा नव्हे. कोऱ्या पानासकट एकहि पान गाळलें नाहीं, कोठेंहि रंग किंवा अक्षर सुधारलें नाहीं, आणि आकार मूळचा ठेवला, एवढ्या तीन गोष्टी साधल्या म्हणजे साधी प्रतहि विश्वासास पात्र होते.

ही दृष्टि केवळ पोथ्यांपुरती नाहीं. दगडावरील आणि तांब्यावरील लेखांनाहि ती तितकीच लागू पडते, आणि तिचें एक उत्तम उदाहरण चांद्याच्या रानांत आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांत देवटेक नांवाचें गांव आहे. तेथें सांपडलेल्या एका शिळेवर दोन लेख आहेत. एक अशोककालीन वळणाच्या ब्राह्मी अक्षरांत असून त्यांत प्राणी धरण्यास व मारण्यास मनाई केली आहे. दुसरा त्यानंतर पांचसहाशें वर्षांनीं, इसवी सनाच्या चौथ्या शतकांत, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळीं कोरलेला आहे. ज्या जिल्ह्यांत १९५५ सालीं ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान झालें, त्याच जिल्ह्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं पशुहत्येस बंदी करणारी राजाज्ञा शिळेवर कोरली होती, ही माहिती त्या एका दगडानें दिली.

परंतु दगडानें ती लगेच दिली नाहीं. पुराणवस्तु खात्याचे पहिले अधिकारी अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं १८७७ सालच्या आपल्या ग्रंथांत या लेखाची दखल घेतली; पण त्याचा खरा उलगडा झाला नाहीं. १९३५ सालीं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं लेखांचें नव्यानें वाचन करून रुद्रसेनाचें नांव आणि लेखांचा आशय विद्वानांपुढें मांडला. लेखांतील गांव म्हणजे देवटेकजवळचें चिकमारा होय, असें त्यांनीं दाखविलें. पुढें १९६३ सालीं वाकाटकांच्या सर्व लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, त्यांत वाचनाबरोबर लेखांचे ठसेहि छापलेले आहेत. शिळा आतां देवटेकास नसून नागपूरच्या संग्रहालयांत आहे. परंतु छापलेला ठसा समोर घेऊन कोणीहि जाणता वाचक मिराशींचें वाचन अक्षर अक्षर तपासूं शकतो. विद्वानानें आपलें म्हणणें मांडावें आणि त्याबरोबर तें खोडून काढण्याचें साधनहि वाचकाच्या हातीं द्यावें, हाच शास्त्राचा खरा मार्ग आहे.

हा ठसा घेण्याची रीत साधी आहे. दगड स्वच्छ धुऊन त्यावर ओला कागद बसवितात आणि ब्रशानें हलकेच ठोकतात, म्हणजे कागद अक्षरांच्या खांचांत उतरतो. मग शाईची गादी वरून फिरवितात. खोल गेलेलीं अक्षरें पांढरीं राहतात आणि भोंवतालची भूमि काळी होते. या कामांत माणसाच्या कल्पनेला वाव नसतो. डोळ्यांनीं पाहून हातानें काढलेल्या नकलेंत मात्र पाहणारास जें अपेक्षित असतें तेंच कागदावर उतरण्याचा धोका असतो. झिजलेली रेघ तो नकळत पुरी करतो. याच जिल्ह्यांतील भांदक येथें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इ. स. ७७२ चा ताम्रपट मिळाला. वेरूळच्या कैलास लेण्याशीं ज्याचें नांव जोडलें जातें तोच हा कृष्ण. तो ताम्रपट वाचून प्रसिद्ध करणारे डॉ. वि. सी. सुखठणकर पुढें १९२५ सालीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे मुख्य संपादक झाले. ताम्रपटाचें एक एक अक्षर पारखणारी तीच नजर महाभारताच्या पोथ्यांवर फिरली असें म्हटलें, तर तें वावगें होणार नाहीं.

यथामूल प्रत म्हणजे मूळ वस्तु नव्हे, हेंहि विसरून चालणार नाहीं. प्रतीवरून शाई कशाची केली, रंगांत कोणतें खनिज आहे, खरवडून काढलेल्या अक्षराचा माग चामड्यांत उरला आहे काय, हें कळत नाहीं. त्यासाठीं मूळ पोथीच हवी. म्हणून ‘आतां छायाचित्र घेतलें, मूळ पोथीचें कांहींहि होवो’ हा विचार घातक आहे. प्रत मूळ पोथीवरचा हाताळणीचा भार कमी करते आणि आपत्ति आली तर निदान साक्ष मागें ठेवते, एवढेंच तिचें काम. आपत्ति केव्हां येईल हें कोणाच्या हातीं नाहीं. १६७१ सालीं स्पेनच्या एस्कोरियल राजवाड्यास आग लागून तेथील हस्तलिखितांचा मोठा सांठा नष्ट झाला. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर संस्थेंत जमाव शिरला आणि ग्रंथ व पोथ्या यांची नासधूस झाली.

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन्ही जिल्ह्यांत आग अथवा जमाव येण्याची वाट पाहावी लागत नाहीं. तेथील दीर्घ व मुसळधार पावसाळा, भिंतींतील ओल आणि वाळवी हीं कोणत्याहि पोथीचा शांतपणें फडशा पाडण्यास पुरेशीं आहेत. बासनांत बांधलेली पोथी देवघरांत किंवा माळ्यावर असते. वर्षांतून एकदां तिला गंधफूल वाहतात आणि ती पुन्हां बांधून ठेवतात. भक्ति यथास्थित असते. परंतु आंतील पानें एकमेकांस चिकटलीं कीं काय, हें कोणी पाहत नाहीं. शहरांत राहावयास आलेल्या कुटुंबांच्या मूळ घरीं अशीं बासनें असणें अगदीं संभवनीय आहे.

अशा पोथीची यथामूल प्रत करणें आतां राजेरजवाड्यांचें काम राहिलेलें नाहीं. कोरड्या दिवशीं बासन सोडावें. पानांचा क्रम मोडूं नये. चिकटलेलीं पानें ओलीं करून किंवा ओढून सोडवूं नयेत. तीं जाणकाराकरितां तशींच ठेवावीं. खिडकींतून येणाऱ्या सौम्य उजेडांत प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचें रंगीत छायाचित्र घ्यावें. शेजारीं मोजपट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. कोरें पान, लाकडी फळी आणि बासनाचें कापड यांचेंहि छायाचित्र घ्यावें. पोथी कोणत्या गांवची, घराण्यांत कोठून आली, छायाचित्र केव्हां घेतलें, हें लिहून ठेवावें. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावण्याचा मोह टाळावा. तिचा डिंक कागद खातो. वेखंड व कडुलिंबाचा पाला ठेवण्याची जुनी रीत अवश्य चालूं ठेवावी. घेतलेल्या छायाचित्रांची एक प्रत घराबाहेर असावी. नागपूरचें विदर्भ संशोधन मंडळ १९३४ पासून याच प्रांताच्या अभ्यासास वाहिलेलें आहे, आणि भारत सरकारनें २००३ सालीं हस्तलिखितांच्या नोंदणीसाठीं राष्ट्रीय पांडुलिपि मिशन सुरू केलें. अशा ठिकाणीं विचारल्यास मार्ग सांपडतो.

एंदेनें हजार वर्षांपूर्वीं आपलें नांव पोथीच्या शेवटीं लिहिलें, आणि तें आज जगभर वाचलें जातें. कारण पोथी टिकली आणि तिच्या प्रती निघाल्या. आपल्या इकडील कितीतरी लेखकांनींहि मान मोडून पोथ्या पुऱ्या केल्या आणि शेवटच्या पानावर नांव, गांव व तिथि घातली. शेवटचें पान सर्वांत बाहेर असल्यामुळें ओल आणि वाळवी प्रथम त्यालाच गांठतात. म्हणून बासन सोडल्यावर पहिलें छायाचित्र त्या पानाचें घ्यावें.